धावणारे क्रियापद

'रन' म्हणजे धावणे, हे शाळेतले पोरही सांगेल. पण जुनी अमेरिकन वर्तमानपत्रे चाळू लागले की एवढ्यावर भागत नाही. तेथे नदीवरची आगबोट 'धावते', म्हणजे दोन गावांमध्ये ये-जा करते. खाणावळ कोणीतरी 'धावडवतो', म्हणजे चालवतो. बातमी 'धावते', म्हणजे छापून येते. इंग्लंडमधला उमेदवार आपल्याकडच्यासारखा निवडणुकीला उभा राहतो; अमेरिकेतला मात्र धावतो! ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्ट कंपनीवर 'रन' आला, तेव्हा धावले ते ठेवीदार. आपले पैसे बुडू नयेत म्हणून त्यांची अशी झुंबड उडाली की कंपनीला २२ तारखेस व्यवहारच थांबवावे लागले.

इथवर सारे गमतीचे. पण याच क्रियापदाचा एक अर्थ वाचकाला थांबवतो. अठराव्या शतकापासून जाहिरातींच्या रकान्यात 'रन अवे', म्हणजे 'पळाला', अशा शब्दांनी सुरू होणारा मजकूर वारंवार आढळतो. पळालेला असतो एखादा गुलाम. छापखान्यांत तर गाठोडे घेऊन निघालेल्या माणसाचा तयार ठसाच असे; नाव कोणाचेही असो, चित्र तेच.

सप्टेंबर १७६९ मध्ये 'व्हर्जिनिया गॅझेट'मध्ये अशीच एक जाहिरात आली. पळालेल्याचे नाव सँडी, वय सुमारे पस्तीस, धंदा चांभाराचा. तो मुख्यत्वे डावखुरा, थोडेफार सुतारकामही जाणणारा. जाताना एक पांढरा घोडा आणि आपली हत्यारे घेऊन गेलेला. खाली सही होती टॉमस जेफरसन यांची. सात वर्षांनी, १७७६ मध्ये, सर्व माणसे समान आहेत असा जाहीरनामा याच लेखणीने लिहिला. सँडी सापडला आणि १७७३ मध्ये विकला गेला.

मे १७९६ मध्ये फिलाडेल्फियात अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या घरून ओना जज ही तरुणी नाहीशी झाली. त्यांच्या कारभाऱ्याने जाहिरात दिली. तीत 'रन'ऐवजी त्याचा दरबारी भाऊ होता: 'फरारी झाली'. तिने जावे असे काहीच कारण घडले नव्हते, असेही वर नमूद केले होते. बक्षीस दहा डॉलर.

परंतु येथे वर्तमानपत्राने दुसरी बाजूही छापली, एकोणपन्नास वर्षांनी का होईना! १८४५ मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका गुलामगिरीविरोधी पत्राने वृद्ध ओनाची हकीगत प्रसिद्ध केली. घरची मंडळी व्हर्जिनियाला जाण्यासाठी सामान बांधत होती, तेव्हा तीही आपले सामान बांधत होती. आणि मंडळी जेवायला बसली असता ती बाहेर पडली. व्हर्जिनियात परतले तर स्वातंत्र्य कधीच मिळणार नाही, हे तिला ठाऊक होते. जाहिरातीला न दिसलेले कारण ते हेच. १८४८ मध्ये ती वारली. तोवर कोणाच्या हाती लागली नाही.

मराठीत दावणीचे जनावर 'सुटते' आणि बंदिवानही 'सुटतो'. पहिल्यात मालकाचे नुकसान, दुसऱ्यात माणसाचा आनंद. जाहिरात देणाऱ्यांना पहिलाच अर्थ ठाऊक होता. तरीही ओळख पटावी म्हणून त्यांनी डावखुरेपणा लिहिला, कसब लिहिले, हत्यारे लिहिली. जनावर म्हणून शोधू पाहताना त्यांच्याच हातून माणसाचे चित्र उमटले. सँडीसारख्या कित्येकांचे आज आपल्यापाशी तेवढेच चित्र उरले आहे.