गाडीचं पाणी गेलं कुठे?

जुलैची दुपार. फहाहीलहून कुवेत शहराकडे येताना सिग्नलला गाडी थांबते आणि टेंपरेचरचा काटा हळूच वर सरकायला लागतो. तुम्ही पुण्याला घरी फोन लावता. बाबा सांगतात, "घाबरू नकोस. थोडं पाणी टाक आणि चालव. आम्ही घाटात तेच करायचो."

हा सल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकला असेल. बाबांचं चुकत नाहीये. त्यांच्या गाडीला तो लागू होता. तुमच्या गाडीला तो पुरत नाही, आणि का पुरत नाही ते समजायला शंभरेक वर्षं मागे जावं लागतं. गंमत म्हणजे ती गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईतून.

कुवेतमध्ये पहिली मोटार आली ती १९१२च्या सुमारास. बेल्जियन बनावटीची मिनर्वा. मुंबईत व्यापार करणारे कुवेती धनिक जासिम अल-इब्राहिम यांनी ती शेख मुबारक अल-सबाह यांना भेट दिली होती. तेव्हा कुवेतचे मोती मुंबईच्या बाजारात विकले जायचे, आणि कुवेतच्या बाजारात १९६१पर्यंत रुपया चालायचा. त्यामुळे मोटारही मुंबईच्या ओळखीतून आली यात नवल नाही.

आता त्या मोटारीचा विचार करा. इंजिन थंड ठेवायला पाणी लागणार. आणि कुवेतमध्ये नदी नाही, विहिरींचं पाणी बरंचसं मचूळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिण्याचं गोडं पाणी शत्त अल-अरब नदीतून गलबतांमध्ये भरून आणलं जायचं. समुद्राचं पाणी गोडं करणारा मोठा कारखाना शुवैखला सुरू झाला तो १९५३मध्ये. म्हणजे माणसांनाच पाणी मोजून मिळत होतं, तिथे मोटार नावाचा एक नवा तहानलेला प्राणी येऊन दाखल झाला.

तहानलेला का? कारण त्या काळच्या गाड्यांमध्ये पाणी उकळून वाफ होणं हे नेहमीचंच होतं. रेडिएटरचं तोंड बाहेरच्या हवेशी जोडलेलं असायचं, आत फारसा दाब नसायचा. पाणी शंभर अंशांना पोचलं की वाफ पाइपातून बाहेर. पाणी कमी झालं की ओता. खंडाळ्याच्या घाटात बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या आणि डिकीतला पाण्याचा कॅन, हे चित्र घरातल्या मोठ्यांना विचारलंत तर लगेच आठवेल. पाणी कमी होणं हा तेव्हा बिघाड नव्हता, रीतच होती.

वाळवंटात मात्र ही रीत परवडत नव्हती. १९२०च्या दशकात इजिप्तमधले ब्रिटिश अधिकारी राल्फ बॅग्नोल्ड आणि त्यांचे सोबती फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात हिंडायचे. त्यांच्या गाड्यांवर एक साधी युक्ती होती. रेडिएटरची वाफ नळीने पाणी भरलेल्या एका डब्यात सोडायची. तिथे वाफेचं पाणी व्हायचं, आणि इंजिन थंड झालं की तेच पाणी नळीतून परत रेडिएटरमध्ये ओढलं जायचं. तुमच्या बोनेटखाली पांढरट प्लॅस्टिकची बाटली आहे ना, कूलंटची? अनेक गाड्यांत ती अगदी हेच काम करते.

पुढची पायरी म्हणजे दाबाचं झाकण. रेडिएटरच्या झाकणात स्प्रिंग आणि रबराची चकती बसवली, आत साधारण एक वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवला, आणि पाण्याचा उत्कलनबिंदू शंभरावरून १२०च्या आसपास गेला. सोबत आलं ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट. कुवेतमध्ये बर्फ कुठे पडतो, मग अँटिफ्रीझ कशाला, असं वाटतं ना? पण तेच मिश्रण उकळणंही पुढे ढकलतं आणि आतला गंज रोखतं.

इथे इतिहासाने एक वळण घेतलं. यंत्रणा बंदिस्त झाली. धडधाकट गाडीत आता पाणी कमी व्हायलाच नको. म्हणजे बाबांच्या काळात जी रीत होती, ती आज रोगाचं लक्षण आहे. गाडी पाणी खात असेल तर ते कुठेतरी जातंय, आणि नुसतं ओतत राहिलं की तुम्ही फक्त लक्षण झाकताय. शिवाय प्रत्येक वेळी साधं पाणी ओतल्याने कूलंट पातळ होतं ते वेगळंच.

कुवेतमध्ये हे जास्त महाग पडतं. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. आता साधं गणित करा. कूलंट शंभर अंशांवर आहे असं धरा. पुण्यात बाहेर २५ अंश असतील तर फरक ७५चा. कुवेतमध्ये बाहेर ५० असतील तर फरक ५०चा. रेडिएटर तोच, पंखा तोच, पण बाहेर टाकता येणारी उष्णता साधारण एक तृतीयांशाने कमी. पुण्यात महिनोन्‌महिने खपून जाणारी छोटी गळती इथे एका दुपारी इंजिन बसवू शकते.

मग गळती शोधायची कशी? पहिली गोष्ट: तापलेल्या गाडीचं झाकण उघडायचं नाही. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर उडतं. एसी बंद करा, जमेल तर हीटर पूर्ण सोडा, बाजूला थांबा, इंजिन बंद करा आणि गार होऊ द्या. तुम्ही स्वतः मात्र सावलीत जा.

गार झाल्यावर पातळी बघा. पाणी कमी असेल तर वाळलेल्या डागांचा माग काढा: होज पाइपची टोकं, रेडिएटरच्या कडा, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक. गाडीखाली नुसतं स्वच्छ पाणी ठिबकत असेल तर ते बहुधा एसीचं. कूलंटला रंग असतो आणि हाताला बुळबुळीत लागतं. गॅरेजमध्ये झाकणाच्या जागी हातपंप लावून दाब देतात; काटा खाली आला तर गळती नक्की. झाकणही त्याच पंपाने तपासून घ्या. थोड्या पैशांची ती चकती गेली तर उकळण्याआधीचे वीसेक अंश गेले.

बाहेर काहीच दिसत नसेल, तर पाणी आतल्या आत जातंय. पायाखालचं कार्पेट ओलं आणि गोडसर वास म्हणजे हीटरची जाळी. इंजिन पुरतं तापल्यावरही पांढरा धूर, ऑइलमध्ये दुधी फेस, बाटलीत सतत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केटचा संशय. त्यासाठी एक निळा द्रव मिळतो. कूलंटच्या वर साचलेला वायू त्यातून ओढला आणि तो पिवळा झाला, तर इंजिनातला जळका वायू पाण्यात शिरतोय.

आणि पातळी बरोबर असूनही गाडी तापत असेल तर? सिग्नलला तापते पण हायवेवर ठीक होते, तर पंखा बघा. हायवेवरही तापते, तर थर्मोस्टॅट, पंप किंवा धुळीने चोंदलेला रेडिएटर. काटा एकदम खाली पडला म्हणून खूश होऊ नका. पाणीच संपलं की सेन्सरला मोजायला पाणी उरत नाही.

रस्त्यात गाडी बंद पडणं म्हणजे काय, हे कुवेतमधल्या जुन्या मंडळींना नीट ठाऊक आहे. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने आक्रमण केल्यावर हजारो भारतीय बसने, मिळेल त्या गाडीने, बगदादमार्गे अम्मानला गेले. तिथून एअर इंडियाच्या विमानांनी लाखाहून जास्त लोकांना घरी आणलं. ओळखीत कुणी त्या वाटेने गेलेलं असेल, तर निघताना गाडीत काय काय भरलं होतं ते एकदा विचारा.

आणि बाबांचा सल्ला? गार झाल्यावर पाणी टाकून जवळच्या गॅरेजपर्यंत जरूर जा. फक्त शुवैखच्या मेकॅनिकला "पाणी भरा" असं सांगू नका. "पाणी कुठे जातंय ते बघा," असं सांगा.