सवाईची रात्र

संगीतोत्सवांचे इतिहास बहुधा गवयांच्या नांवांनीं लिहिले जातात. श्रोत्याच्या पदरांत काय पडलें व त्यानें काय गमाविलें, हा जमाखर्च सहसा कोणी मांडीत नाहीं. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या बाबतींत तरी तो मांडण्याजोगा आहे.

कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, हे अब्दुल करीम खांसाहेबांचे शिष्य. १९५२ च्या सप्टेंबरांत ते निवर्तले आणि पुढील वर्षीं त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकारानें पुण्यांत त्यांच्या पुण्यतिथीचा संगीतोत्सव सुरू झाला. मूळ कल्पना अशी गुरुऋण फेडण्याची. जलशाचा थाट मागाहून आला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तुर हीं गुरुभावंडें तेथें वर्षानुवर्षें गाइलीं. अखेरीस भीमसेनांनीं गावें आणि त्यानंतर ध्वनिमुद्रिकेंतून खुद्द गुरूची भैरवी ऐकून श्रोत्यांनीं उठावें, असा प्रघात पडला.

पावसाळ्यांतल्या पुण्यतिथीचा हा उत्सव पुढें डिसेंबरांत भरूं लागला व रात्र रात्र चालूं लागला. सतरंजी, शाल, कानटोपी आणि थर्मासांतला चहा घेऊन घरेंच्या घरें मांडवांत येत. पाठ भरून येई, पाय आंखडत, शेजारचा रसिक आपल्या मांडीवर ताल देतां देतां आपल्याही मांडीवर येई! पहांटे तीनला ज्याची पाळी आली, त्या गवयाचा आवाज थंडीनें धरलेला असला, तर रात्रभर राखून ठेवलेली आशा फुकट जाई. परंतु आपल्या रागांना वेळ आहे, हें पुस्तकांतून कळतें तें निराळें आणि देहास कळतें तें निराळें. सायंकाळचा यमन, मध्यरात्रीचा दरबारी वा मालकंस आणि मग रात्र सरतांना ललित, ही वाट ज्यानें एकाच बैठकींत चालून पाहिली, त्यास निराळें सांगावें लागत नसे. ललितांत पंचम नाहीं. दोन मध्यम मात्र एकमेकांस खेटून उभे. रात्रही नव्हे, दिवसही नव्हे अशा घटकेला जागरणानें हळव्या झालेल्या कानांवर ते पडले, म्हणजे त्या अडखळण्याचा अर्थ लागे. तेच स्वर भरदुपारीं नुसते विद्वत्तेचे वाटतात.

मांडव मोठा झाला तसा तोटाही वाढला, हें कबूल केलें पाहिजे. मैफल ही मूळची पांचपन्नास माणसांची कला. हजारोंच्या गर्दींत मागच्यास गवयाचा चेहरा दिसत नाहीं, आणि टाळी मिळते ती तिहाईला नि द्रुत तानांना. विलंबिताच्या बढतीस टाळी देण्याची सोयच नाहीं. तेथें मान हलते, आणि ती व्यासपीठावरून दिसत नाहीं. कलावंतही शेवटीं माणूसच. तो टाळीकडे वळतो.

खरा पालट मात्र कायद्यानें झाला. २००० सालीं केंद्र सरकारनें ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि रात्रीं दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास बंदी आली. २००२ मध्यें वर्षाकांठीं फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देण्याची मुभा राज्यांस मिळाली. २००५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही रात्रीच्या शांततेचाच पक्ष उचलून धरला. उत्सव दुपारीं सुरू होऊन रात्रीं दहाला आटोपूं लागला. एखाद्या दिवशीं बारा. नियम योग्यच आहे. भर वस्तींतल्या ज्या रमणबागेच्या शाळेंत हा उत्सव पुष्कळ वर्षें भरला, तिच्या शेजारच्या आजाऱ्यानें दरबारीसाठीं रात्रभर कां जागावें? शिवाय मुलतानी, भीमपलास, मारवा या उतरत्या दिवसाच्या रागांना उत्सवांत आतां आपली वेळ मिळते, हाही लाभ लहान नव्हे. परंतु मध्यरात्रीनंतरचे राग आपल्या वेळेला मुकले ते मुकलेच. ते लवकर गाइले जातात, पण दहाच्या आंत आटपावयाच्या दरबारीस मध्यरात्र कोठून आणावी?

बाकीची हकीकत थोडक्यांत. २००७ मध्यें भीमसेन तेथें शेवटचे गाइले. २०११ च्या जानेवारींत ते गेले व उत्सवाच्या नांवांत गुरूच्या जोडीला त्यांचें नांव आलें. २०१८ मध्यें मांडव रमणबागेंतून मुकुंदनगरास गेला. महामारीनें पडलेला खंड २०२२ च्या डिसेंबरांत संपला, तेव्हां गर्दी पूर्वीइतकीच होती.

भैरवी हा सकाळचा राग. मैफलीच्या शेवटास मात्र ती केव्हांही चालते. पूर्वीं ती संपे तेव्हां बाहेर उजाडलेलें असे, आणि माणसें डोळे चोळीत जवळच्या अमृततुल्याकडे वळत. रात्रीं दहाला ती संपली, कीं फाटकाशीं रिक्षांची गर्दी उसळते, आणि घरीं जाऊन जेवावयाचें असतें.