चांदीपुरा : नाव होतं, ओळख नव्हती

मंडळी, ‘मेंदूज्वर’ हे लक्षणाचं नाव झालं; कारण त्यात कळत नाही. 2003 साली जून ते सप्टेंबरात आपल्या शेजारच्या आंध्रात 329 लेकरं आजारी पडली, 183 दगावली. ताप, झटके, बेशुद्धी. दोन दिवसांत खेळ संपायचा. जपानी मेंदूज्वराचा पुरावा मिळेना. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं नमुन्यांतला विषाणू प्रयोगशाळेत वाढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आकार बंदुकीच्या गोळीसारखा! तो निघाला चांदीपुरा. 1965 मध्ये नागपूरकडच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत पुण्यालाच सापडलेला. अडतीस वर्षं नाव आपल्याच दप्तरात पडून होतं. नावानं काय होतं, असं आपण विचारू. जपानी मेंदूज्वर डास पसरवतो, चांदीपुरा वाळूमाशी; ती भिंतींच्या भेगांत, गोठ्यात राहते. कारणच कळलं नाही, तर फवारणी तरी कुठं करायची?