चांदीचं पाणी आणि त्याचा हिशेब



मागच्या चातुर्मासात माझी धाकटी जाऊ आमच्याकडे बीडला आली होती. पिशवीतून तिने एक छोटं यंत्र काढलं. नऊ व्होल्टची बॅटरी आणि दोन चांदीच्या तारा, एवढंच. "ताई, तारा ग्लासभर पाण्यात अर्धा तास सोडायच्या आणि ते पाणी रोज घ्यायचं. जखमेवर फार गुणकारी आहे म्हणे." तिला साखरेचा आजार, त्यात पायाला जखम. या पाण्याच्या भरवशावर ती तीन आठवडे डॉक्टरांकडे गेली नाही. शेवटी पायाची करंगळी काढावी लागली. तेव्हापासून मी या चांदीच्या मागे लागले आहे.

चांदी आणि पाण्याची सोबत जुनी आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की, इराणचा राजा सायरस मोहिमेवर निघाला की एका नदीचं पाणी उकळून, चांदीच्या भांड्यांत भरून, खेचरांच्या गाड्यांतून बरोबर नेत असत. उकळून! वाचताना मला सासूबाईच आठवल्या. आपल्याला फक्त चांदीची भांडी लक्षात राहतात.

१८८० साली जर्मनीतले डॉ. क्रेडे नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालू लागले आणि कितीतरी बाळांची दृष्टी वाचली. त्यांच्या मुलाने पुढे 'कोलार्गोल' हे कोलायडी चांदीचं औषध आणलं. मग १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं आणि पोटात घ्यायची चांदी मागे पडली.

आता ग्लासात काय होतं ते पाहू. धन टोकाच्या तारेतला चांदीचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो आणि आयन होऊन पाण्यात उतरतो. ऋण टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे येतात. मी बी. कॉम. झालेली, मला हे नावे-जमेसारखं वाटलं : इकडून गेलं तेवढंच तिकडे आलं. पाण्यात बरेचसे आयनच असतात, थोडेच एकत्र येऊन बारीक कण होतात. आपलं बोअरचं पाणी घेतलं तर त्यातल्या क्षारांमुळे सिल्व्हर क्लोराईडचा दुधाळ साका येतो आणि उजेडात तो काळवंडतो. बायकांना वाटतं, यंत्र जोरात चाललंय!

हिशेबही मांडून पाहिला. एक मिलिअँपियर वीज तासभर वाहिली तर सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी तारेतून सुटते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे ती सगळी लिटरभर पाण्यात राहिली तर चाळीस पट! आणि घरी वीज किती वाहिली हे मोजतं कोण?

शरीराला चांदीची गरज नाही. ती साठत गेली तर कातडी निळसर राखाडी होते आणि तो रंग सहसा जात नाही. १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी कोलायडी चांदीची औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय दिला.

मग चांदी वाईट का? नाही. भाजलेल्या जखमेवर डॉक्टर चांदीचं मलम लावतात. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेचं गाळण तयार झालं होतं. त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून २००९ साली 'टाटा स्वच्छ' बाजारात आलं. तिथे चांदी गाळणात राहून काम करते, औषध म्हणून पोटात जात नाही. माठात टाकलेला चांदीचा रुपयाही जवळजवळ विरघळत नाही, म्हणून तो निरुपद्रवी.

आपल्या घरात गरणं आहे, जिवाणी जपून परत सोडण्याची रीत आहे, पाणी उकळायची सवय आहे. पाण्यासाठी एवढं पुरतं. जखमेसाठी मात्र डॉक्टरच. जाऊ आता दर महिन्याला साखर तपासते. यंत्र तिने माझ्याकडेच ठेवलंय. त्यातल्या तारा मोडीत घालून आलेले पैसे पांजरपोळला द्यायचं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.