प्रस्तावना : चार्जिंग रूमच्या बाहेर

चाकण-भिवंडीकडच्या जुन्या गोदामांत फोर्कलिफ्टची चार्जिंग रूम अजून पाहायला मिळते. आम्लाने खाल्लेली फरशी, छताजवळ एक्झॉस्ट पंखा, कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन. शिसे-आम्ल बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, हे तिथल्या हेल्परलाही ठाऊक असते. धोक्याला खोली नेमून दिलेली होती आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला माणूसही. लिथियम बॅटरीने या खोलीची गरजच संपवली. जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या वेळात, रॅकशेजारीच गाडी चार्जिंगला लावता येते. सोय मोठी, यात वाद नाही. पण त्याबरोबर धोकाही खोलीतून निघून मालाच्या मधोमध येऊन बसला. या विषयाचा अभ्यास माझ्या मते इथून सुरू व्हावा, रसायनशास्त्र त्यानंतर.

अर्थात ते टाळता येत नाहीच. सेल तापत गेला की शंभर अंशांच्या आसपास ऋण इलेक्ट्रोडवरचा संरक्षक थर विघटित होऊ लागतो. 130 अंशांच्या पुढे पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो, आतल्या आत शॉर्टसर्किट होते आणि बाहेरून उष्णता मिळाली नाही तरी सेल तापतच राहतो. हाच थर्मल रनअवे. औद्योगिक गाड्यांत बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, असते. टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्यासोबत काम करताना अक्षय पाढी आणि नंजुंदस्वामी यांनी 1997 मध्ये या द्रव्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे ते इतरांपेक्षा उशिरा आणि कमी जोराने बिघडते. विक्रेते यावरून ‘एलएफपी पेटतच नाही’ असे खुशाल सांगतात. 2021च्या एप्रिलमध्ये बीजिंगमधल्या एलएफपीच्या ऊर्जासाठवण केंद्रात स्फोट होऊन दोन अग्निशमन जवान दगावले. बिघडलेल्या सेलमधून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतात. ज्वाला उठली नाही, तर हे वायू बंद जागेत साचत जातात आणि पुढे एखादी ठिणगी पुरते.

आगीपलीकडचे एक प्रकरण वाचकांनी मुळीच वगळू नये. फोर्कलिफ्टमध्ये बॅटरी हे नुसते इंधन नसते. पुढच्या काट्यांवरच्या ओझ्याला ती मागून तोलून धरते. जुनी शिशाची बॅटरी काढून तिच्या जागी हलका लिथियम पॅक बसवला आणि वजनाची भरपाई केली नाही, तर भरलेला पॅलेट उचलताना गाडी पुढे कलंडू शकते. बॅटरीचे किमान वजन गाडीच्या नेमप्लेटवर कोरलेले असते. ती प्लेट रंगाखाली गेली असेल तर आधी रंग खरवडावा. कोल्ड स्टोरेजचा मुद्दा थोडक्यात सांगतो : शून्याखाली गारठलेला सेल चार्ज केला की आत धातुरूप लिथियम साचते आणि ते नुकसान भरून येत नाही.

कायद्याची बाजू जरा विचित्र आहे. केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनवलेले विशेष वाहन 1988च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच बसत नाही. ई-स्कूटरच्या आगींनंतर 2022 मध्ये कडक केलेले एआयएस-156 हे बॅटरी-सुरक्षेचे मानक त्यामुळे फोर्कलिफ्टला लागू होत नाही. औद्योगिक वापराच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी आयईसी 62619 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण खरेदीच्या ऑर्डरमध्ये ते लिहिलेच नसेल, तर पुरवठादाराकडे कशाच्या आधारे बोट दाखवायचे? म्हणून या ग्रंथात खरेदी विभागासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सुरक्षा अधिकाऱ्यांना ते आगंतुक वाटेल, पण वाचावे.

आयटीआयच्या विद्यार्थ्याने, शिफ्ट सुपरवायझरने, विमा सर्वेक्षकाने हवे ते पान उघडून सुरुवात करावी. क्रमाची सक्ती नाही. अग्निशमनाचे प्रकरण मात्र प्रत्येकाने वाचावे. पावडरने ज्वाला दबते, पण सेल थंड होत नाहीत. त्याला भरपूर पाणीच लागते. विझलेल्या पॅकमध्ये ऊर्जा शिल्लक असते आणि तो काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटू शकतो. तेव्हा अशी गाडी ओढून नेऊन उघड्यावर, मालापासून लांब कुठे उभी करायची, ती जागा गोदामाच्या नकाशावर आजच दाखवून ठेवावी.