मुदत आणि मजल : भिलाईहून डोंगरगडापर्यंत

तीर्थयात्रेचा विचार करताना आपण श्रद्धेचा आणि कष्टांचा उल्लेख आवर्जून करतो. परंतु या दोहोंना ज्या तिसऱ्या गोष्टीने शतकानुशतके आकार दिला, त्या काळाच्या हिशेबाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ज्याला मृगाची पेरणी उरकून निघायचे आहे आणि निंदणीच्या आत परतायचे आहे तो शेतकरी, किंवा ज्याला धन्याने मोजकी रजा मंजूर केली आहे तो चाकरमाना, असेच लोक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाट चालत आले. आणि अमर्याद सवड असणारा यात्रेकरू विरक्त साधूंचा वर्ग सोडला तर सदैव विरळाच होता. म्हणून थोड्या मुदतीत दूरची पदयात्रा कशी बसवावी, हा प्रश्न आजच्या धकाधकीतून निर्माण झाला आहे असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही.

या हिशेबाचा सर्वांत परिणत नमुना पंढरीच्या वारीत आढळतो. तुकोबांचे चिरंजीव नारायणबाबा यांनी १६८५ मध्ये तुकोबांच्या आणि ज्ञानोबांच्या पादुका पालखीत ठेवून सोहळ्याला संघटित रूप दिले; पुढे एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारी चाकरी केलेल्या हैबतराव बाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानदेवांची स्वतंत्र पालखी सुरू केली, तिला अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणि तंबू मिळाले, आणि दिंड्यांचा क्रम, मुक्काम व कूच यांचा लष्करी शिस्तीचा बंदोबस्त तिच्यात कायमचा रुजला. सरदारी दप्तरात वावरलेल्या या भक्ताने भक्तीला जाबत्याचे बळ दिले, ही त्याची थोर कामगिरी होय.

आळंदीच्या या पालखीच्या वेळापत्रकातील योजना बारकाईने पाहण्याजोगी आहे. आषाढ शुद्ध एकादशी हा अंतिम दिवस अचल. तेव्हा सारी गणना त्या दिवसापासून उलट करीत येते आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानाशी थांबते. पुण्याहून सासवडपर्यंतची, दिवेघाटाच्या चढणीची सर्वांत लांब मजल वाटचालीच्या आरंभीच, तीही ज्येष्ठ वद्य एकादशीच्या उपवासाच्या दिवशी, पार पाडली जाते, आणि लगेच सासवडला एक दिवसाची विश्रांती मिळते. पंचांगात तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली की तिचा भार लोणंदच्या मुक्कामावर टाकण्यात येतो. तो मुक्काम गरजेप्रमाणे लांबतो वा आखडतो, आणि पुढचा क्रम अबाधित राहतो. शेवटी वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे करीत मजला लहान होत जातात, जेणेकरून थकलेले पाय आणि ठिकठिकाणाहून आलेल्या पालख्या वाखरीला एकत्र मिळाव्यात आणि दशमीला पंढरीत प्रवेश व्हावा. निश्चित शेवट, प्रारंभी अवघड मजल, मध्यभागी राखून ठेवलेली सवड आणि अंती सौम्य चाल, हे चार नियम लोकांनी कोणत्याही ग्रंथावाचून, केवळ अनुभवाने सिद्ध केले.

हाच हिशेब वेगळ्या परिस्थितीत पाहण्यासाठी आता छत्तीसगढमधील भिलाईकडे वळू. १८व्या शतकात बिंबाजी भोसल्यांच्या अमलात रतनपूरला मराठी कारभार आला होता, आणि नागपूर ही राजधानी असलेल्या मध्यप्रांतात छत्तीसगढ दीर्घकाळ समाविष्ट होते; त्यामुळे या भागात मराठी बोल नवा नव्हता. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार होऊन भिलाईचा पोलाद कारखाना ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी कार्यान्वित झाली, तेव्हा देशाच्या नाना प्रांतांतून आलेल्या कामगारांत विदर्भातील मराठी कुटुंबेही होती. त्यांच्यापुढे काळाची अडचण एका नव्या रूपात उभी राहिली. एकदा पेटलेली झोतभट्टी वर्षानुवर्षे अखंड धगधगत ठेवावी लागते. सकाळ, दुपार आणि रात्र अशा तीन पाळ्यांपैकी एकही ओस पडू शकत नाही. एकाच तिथीला सर्वांनी सुटी मागितली तर ती कोणालाच मिळणे शक्य नाही. शिवाय पंढरपूर येथून आठशे किलोमीटरांहून अधिक दूर. रोज पंचवीस किलोमीटर चालले तरी जाण्यालाच महिना पुरत नाही.

अशा गावाला जवळच्या डोंगरगडची बम्लेश्वरी देवी लाभली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. चैत्र आणि आश्विन, ज्याला इथे क्वांर म्हणतात, अशा दोन नवरात्रांत भिलाई, दुर्ग आणि राजनांदगाव येथून भाविक पायी डोंगरगडला जातात. भिलाईहून अंतर सुमारे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर: दुर्ग ओलांडल्यावर शिवनाथ नदी, मग अंजोरा, सोमनी, टेडेसरा अशी गावे, राजनांदगाव हा मधला मोठा मुक्काम, आणि पुढे तुमडीबोड, मुसरामार्गे डोंगर. ऊन टाळण्यासाठी पुष्कळ जण संध्याकाळी निघून रात्रभर चालतात. वाटेत ठिकठिकाणी सेवेचे मांडव उभे राहतात, तेथे चहा, फराळ आणि सुजलेल्या पायांसाठी गरम पाणी मिळते. डोंगरावर मोठ्या बम्लेश्वरीचे मंदिर हजाराहून अधिक पायऱ्यांवर असून पायथ्याशी छोट्या बम्लेश्वरीचे स्थान आहे, आणि नवरात्रात मनोकामनेच्या असंख्य ज्योती तेथे तेवत असतात.

पंढरीची आषाढी एकादशी एकाच दिवसाची असते, म्हणून तेथे लक्षावधी माणसांना आपला वेळ तिथीच्या स्वाधीन करावा लागतो. नवरात्र मात्र नऊ रात्रींचे, आणि वर्षातून दोनदा येणारे, म्हणून यंत्राच्या चाकरीत बांधलेला मनुष्य आपला साप्ताहिक सुटीचा दिवस, एखादी किरकोळ रजा आणि सहकाऱ्याशी केलेली पाळीची अदलाबदल यांच्या मेळाने त्यांतली दोन रात्रींची वाट मोकळी करू शकतो. कोणी प्रतिपदेला निघाला, कोणी पंचमीला, कोणी अष्टमीला, तरी देवीच्या दृष्टीने विलंब कोणाचाच झालेला नसतो आणि भट्टीवरची हजेरीही मोडत नाही.

यावरून एक बोध निःसंशय मिळतो. अल्प मुदतीत निघणाऱ्याने आपल्या यात्रेला कमी प्रतीची मानू नये, आणि साऱ्या मजला रेटून नेण्याचा हट्टही धरू नये. ज्या क्षेत्राची तिथी आपल्या रजेत बसते ते निवडावे. अंतिम दिवसापासून मागे गणना करावी. एक रिकामा मुक्काम आजारासाठी आणि पावसासाठी राखावा. शेवटची मजल लहान ठेवावी. आणि परतीला रेल्वेचा आश्रय घेण्यात संकोच मानू नये, कारण मुंबई-हावडा लोहमार्गावर डोंगरगडचे स्थानक आहेच आणि पाळीला वेळेवर रुजू होणे हाही त्याच व्रताचा भाग आहे. हैबतबाबांनी फौजी बंदोबस्त भक्तीच्या सेवेला लावला. भिलाईच्या कामगाराने पाळीचे वेळापत्रक त्याच सेवेत आणले. कर्तव्य आणि तीर्थ या दोहोंना आपल्या दिवसांत न्याय्य वाटा देता येतो, हे या दोन उदाहरणांनी दाखवून दिले आहे, आणि ते ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती नीट सोपवणे हे आपले काम आहे.