धनुष्याची मूठ आणि मावळचा पाऊस

श्रोतेहो, शिवऱ्याहून पूर्वेकडे गेले, की पुरंदर लागतो. १६६५ च्या उन्हाळ्यात दिलेरखानाने त्याला वेढा घातला. मुरारबाजी देशपांडे त्याच्यावर चालून गेले, तेव्हा खानाने स्वतः तीर मारून त्यांना पाडले, असे सभासद बखर सांगते. तीर सर्वांना आठवतो. पण मोगलांची कमान कशी असे, हे आपण कधी विचारतो का?

ती एका काठीची नसे. मध्ये लाकूड, धनुर्धराकडील अंगास शिंग, पुढच्या अंगास जनावराच्या स्नायूंचे तंतू. सारे सरसाने जोडलेले. त्यामुळे ती आखूड असूनही जोरकस, घोड्यावरून चालवायला सोयीची. लाकडाचे तुकडे मुठीपाशी सांधत. हाताची पकड तिथेच, घामही तिथेच. म्हणून मुठीवर सरसात भिजवलेले तंतू घट्ट गुंडाळीत, वर कातडे किंवा झाडाची साल चढवीत आणि रोगण देत. का बरे? सरस हा कातड्या-हाडांचा. ओल लागली, की पुन्हा मऊ पडतो. रोगणाला चीर गेली, म्हणजे सांधा गेलाच म्हणा!

आणि आपल्या मावळातला पाऊस तर तुम्हांला ठाऊकच आहे. भिल्लांच्या कामठ्याला ती धास्ती नाही. तो अखंड बांबूचा, दोरीही बांबूच्या सालीची. सरसाचा सांधाच नाही, तर सुटणार काय?

शिक्षकबंधूंनो, पुरंदरचा धडा शिकवताना सरसाचा एक खडा पाण्यात टाकून मुलांना दाखवा. मुरारबाजींच्या शौर्याला त्याने उणेपणा येत नाही. समोरच्या शस्त्राचे बळ आणि त्याचे वर्म, दोन्ही मात्र कळतात.